हरायला जागा हवी

सहावीतला एक मुलगा. समाजशास्त्राच्या परीक्षेत ८ गुण पडलेत, म्हणून घरच्यांनी हातखर्चाचे पैसे बंद केलेत. तो आजोबांच्या कोठीत शिरतो. जुनंपानं काही हाती लागलं तर विकून चार पैसे सुटतील, एवढाच त्याचा विचार. हाती लागतो एक जाडजूड लाकडी पट. त्यावर रक्ताचे डाग आहेत, आणि ते फक्त त्यालाच दिसतात. शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला नाही. मग त्या पटातून हजार वर्षांपूर्वीच्या एका दरबारी खेळाडूचं भूत बाहेर येतं आणि पोराच्या मानगुटीवर बसतं.

‘हिकारू नो गो’ या जपानी मालिकेची ही सुरुवात. हिकारू म्हणजे तो मुलगा, आणि गो म्हणजे पटावर काळ्या-पांढऱ्या खड्यांनी खेळायचा जुना खेळ. मला ती पहिल्यापासून आवडली, ती या पहिल्या पाच मिनिटांच्या खट्याळपणामुळे. इथे नातवाचा परंपरेशी पहिला संबंध येतो तो ती भंगारात काढण्यासाठी. आपल्याकडे हीच गोष्ट कोणी लिहिली असती तर आजोबांनी आधी दहा मिनिटं ‘आपला वारसा’ या विषयावर बौद्धिक घेतलं असतं.

थोडी माहिती, ज्यांना मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी. गोष्ट युमी होत्ता यांची, चित्रं ताकेशी ओबाता यांची. हेच ओबाता पुढे ‘डेथ नोट’मुळे आपल्याकडच्या पोरांनाही माहीत झाले. १९९८च्या अखेरीपासून २००३पर्यंत ही चित्रकथा ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात चालली, तिची २३ पुस्तकं झाली. ऑक्टोबर २००१ ते मार्च २००३ या काळात तिच्यावरची ७५ भागांची ॲनिमे मालिका तोक्यो टीव्हीवर दाखवली गेली. मधल्या त्या वर्षांत जपानमधली शाळकरी मुलं अचानक गो खेळायला लागली. तोवर हा खेळ म्हणजे निवृत्त आजोबांचा विरंगुळा, अशीच तिथल्या पोरांची समजूत होती. परदेशांतही मालिका बघून गो शिकलेली, त्यापायी मंडळं काढलेली माणसं आजही भेटतात.

त्यामुळे पारंपरिक खेळांचा विषय निघाला, की कोणीतरी हे उदाहरण देतंच. ‘जपान्यांनी एका कार्टूनवर गो वाचवला. आपल्याकडे सारीपाट आहे, गंजिफा आहे, देशी बुद्धिबळ आहे. करा ना एखादी मालिका!’ मागच्या वर्षभरात मी हे तीनदा ऐकलं, त्यातलं एकदा तर व्यासपीठावरून, टाळ्यांसकट. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मालिकेने काय केलं आणि काय केलं नाही, यात गल्लत होते, आणि त्या गल्लतीपायी पैसा आणि उत्साह दोन्ही भलतीकडे जातात, असं मला वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे ‘हिकारू नो गो’चे ७५ भाग बघून गो येत नाही. मी स्वतः बघितले, मला आला नाही. नियम तसे मूठभर आहेत. १९ उभ्या, १९ आडव्या रेघा. खडा चौकोनात ठेवायचा नाही, रेघा जिथे छेदतात तिथे ठेवायचा. अशा ३६१ जागा. काळा आधी, मग पांढरा, आळीपाळीने. ठेवलेला खडा हलत नाही. त्याच्या चारी बाजू शत्रूने अडवल्या, की तो उचलला जातो. शेवटी ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला. मालिकेत हे ओझरतं येतं. भाग संपल्यावर शेवटी एक छोटासा तुकडा असे, त्यात युकारी उमेझावा ही खरीखुरी व्यावसायिक खेळाडू लहान मुलांना एकेक गोष्ट शिकवायची. शिकवणी तिथे, वेगळी. गोष्टीत मात्र डाव चालू असताना आपल्याला दिसतात ते चेहरे, घामेजलेले हात आणि तर्जनी-मधल्या बोटांच्या टोकांत धरलेला खडा पटावर टेकतो तो टक्‌कन आवाज.

मग मालिका दाखवते काय? ती एक वस्ती दाखवते.

त्या वस्तीत गोचे अड्डे आहेत. तासाच्या हिशोबाने पैसे भरायचे, चहा घ्यायचा, समोर कोण बसेल त्याच्याशी खेळायचं. तिथे सिगारेटचा धूर आहे आणि पैजाही लागतात. मितानी नावाचा एक शाळकरी मुलगा डाव संपल्यावर मोजणीच्या वेळी खडे सरकवून लबाडी करतो आणि पैसे जिंकतो. मग मालक त्याला धडा शिकवायला एक मुरलेला खेळाडू आणतो, आणि तो त्या पोराला दहा हजार येनला बुडवतो. परंपरा वाचवायला निघालेल्या कोणत्याही समितीने हा प्रसंग कापला असता. लेखिकेने तो ठेवला, म्हणून तो अड्डा खरा वाटतो. त्या वस्तीत शाळेचं एक केविलवाणं मंडळ आहे. स्पर्धेत उतरायचं तर तीन खेळाडू हवेत, आणि त्सुत्सुई नावाचा चष्मेवाला मुलगा तिसरा माणूस शोधत वणवण करतोय. मग मोठी संस्था, तिथली प्रशिक्षणार्थी मुलं, त्यांच्या चढत्या-उतरत्या याद्या, आणि अखेर व्यावसायिक होण्याची परीक्षा. हिकारू बसतो त्या वर्षी तीतून तिघंच निघतात.

आणि या सगळ्यात सर्वांत जास्त वेळा काय घडतं? माणसं हरतात.

गोमध्ये हरणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने हरलो म्हणायचं असतं. मान लववून एक शब्द, ‘मकेमाशिता’, हरलो. हातचा गेलेला डाव शेवटच्या खड्यापर्यंत रेटत बसणं गावंढळपणाचं समजतात. पण माझं लक्ष वेधलं ते त्यानंतरच्या प्रकाराने. खडे डब्यात भरतात आणि दोघंही तोच डाव पहिल्यापासून पुन्हा मांडतात, आठवणीतून. ‘इथे तू हे का केलंस?’ ‘इथे मला भीती वाटली.’ जिंकलेला आणि हरलेला एकाच पटावर ओणवे होऊन बोलत असतात. हरण्याला एक रीत आहे आणि त्या रीतीत जिंकणाऱ्यालाही उठून जाता येत नाही. मला वाटतं, खेळ टिकवण्याचं यंत्र असलं तर ते हेच.

इसुमीचा प्रसंग बघा. तो संस्थेतला सर्वांत सालस आणि तयार मुलगा. परीक्षेत हिकारूशी खेळताना खडा ठेवतो, हात सुटतो, आणि चूक लक्षात येऊन तो पुन्हा उचलून दुसरीकडे ठेवतो. नियमाने डाव तिथेच संपला. हिकारूच्या तोंडातून शब्द फुटत नाही, बोलावं की गप्प राहावं यात तो अडकलाय. इसुमी स्वतःच हार मानतो, पण त्या अर्ध्या मिनिटाने त्याचं मन इतकं ढवळून निघतं, की तो परीक्षाच हरतो. पुढे चीनला जातो, तिथल्या पोरांकडून मार खातो, तयार होऊन परततो आणि पहिलं काम कुठलं करतो, तर हिकारूला गाठतो. तो अर्धवट राहिलेला डाव त्याला पुरा करायचाय. तेव्हा हिकारूने खेळ सोडलेला असतो, कारण त्याचं भूत निघून गेलंय. (ही गोष्ट कोणाला आधी कळायला नको होती, तर क्षमस्व, मालिका संपून वीस वर्षं उलटली.) इसुमीसमोर बसल्यावर, एक चाल खेळताना त्याला दिसतं, की ज्याला तो गावोगाव शोधत हिंडला, तो त्याच्याच हाताच्या चालीत आहे.

आता यात वारशाचा उपदेश कुठे आहे? गो खेळल्याने गणित सुधारतं, एकाग्रता वाढते, असं एकही पात्र म्हणत नाही. हिकारूचे समाजशास्त्राचे गुण गोमुळे वाढतात अशी गोष्ट इथे कोणी रचलेली नाही. हिकारू मुळात खेळाकडे वळतो कशाने? भुताच्या दुःखाने तर नाहीच. ते भूत, साई, रडून-भेकून विनवतं तेव्हा हा वैतागतो. तो वळतो त्याच्याच वयाच्या तोया अकिराच्या संतापाने. साई सांगेल तिथे हिकारूने खडे ठेवलेत आणि अकिरा त्याच्याकडून हरलाय. समवयस्काकडून असा मार त्याला कधी बसला नव्हता. या मुलाशी पुन्हा बसता यावं म्हणून तो स्वतःच्या पायरीला न शोभणाऱ्या शाळकरी स्पर्धेत उतरतो. आणि त्या डावात मध्येच हिकारूला वाटतं, आता मी खेळतो, माझं मी. साईला बाजूला सारून तो चार चाली खेळतो. अकिरा खड्यांकडे बघतो, चेहरा बदलतो, आणि उभा राहून ओरडतो. त्याची थट्टा झालीय असं त्याला वाटतं. एक मुलगा दुसऱ्या मुलाच्या वाईट खेळाने इतका दुखावला जातो, आणि त्या दुखावण्यातून दुसऱ्याला पहिल्यांदा कळतं, की इथे काहीतरी किमती आहे. आजोबांच्या कौतुकाने हे झालं नसतं.

म्हणजे मुलाला खेळात खेचतो तो समोरचा माणूस. हे मान्य केलं तर मालिकेच्या यशाचा दुसरा अर्धा भाग उलगडतो: ती बघून उठलेल्या जपानी मुलाला समोरचा माणूस मिळत होता. घराजवळ अड्डा होता. तोक्योत संस्था होती. नियतकालिकांत डाव छापून येत होते. हे एका रात्रीत उभं राहिलेलं नव्हतं. सतराव्या शतकापासून तोकुगावा राजवटीने होनिन्बो, इनोउए, यासुई, हायाशी या चार घराण्यांना तनखे दिले. त्यांचे खेळाडू दरवर्षी शोगुनच्या, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशाच्या, वाड्यात एकमेकांशी भिडत. मालिकेत साईने आधी ज्याला झपाटलं होतं तो शुसाकू खराच होता. १८२९ साली इन्नोशिमा बेटावर जन्मला, वाड्यातले १९ डाव लागोपाठ जिंकला, आणि १८६२ साली पटकीच्या साथीत गेला. १८६८ला राजवट बदलली, तनखे बंद पडले, घराण्यांची वाताहत झाली. मग १९२४ साली खेळाडूंनी एकत्र येऊन निहोन किइन ही संस्था काढली. पुढे वर्तमानपत्रांनी या खेळाला पोसलं; किताब त्यांचे, बक्षिसाचा पैसा त्यांचा, आणि बदल्यात डाव छापण्याचा हक्क त्यांचा. शेवटच्या वंशपरंपरागत होनिन्बोने घराण्याचं नाव संस्थेला देऊन टाकलं आणि त्या नावाची खुली स्पर्धा सुरू झाली. घराणं संपलं, नाव जिंकून घ्यायची वस्तू झालं. शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचं तर जमीन नांगरलेली होती आणि वापसाही होता. मालिका म्हणजे वेळेवर पडलेला पाऊस.

आणि पावसाचंही बघायचं तर तो ओसरतो. याबद्दल मालिकेचे भक्त गप्प बसतात, म्हणून मुद्दाम सांगतो. ‘हिकारू’च्या लाटेत आलेली बहुतेक मुलं परत गेली. जपानमध्ये गो खेळणारे आज पूर्वीच्या मानाने फार कमी आहेत आणि जे आहेत त्यांचं वय वाढतंय. २०२३ साली होनिन्बो किताबाच्या आयोजकांनी जाहीर केलं, की पुढच्या वर्षापासून सात डावांची लढत पाचांवर येणार, आव्हानवीर ठरवणारी साखळी बंद होणार, आणि बक्षीस २ कोटी ८० लाख येनवरून ८५ लाखांवर येणार. शुसाकूच्या घराण्याचं नाव लावणारा हा किताब. वर्तमानपत्रं वाचणारे घटले, तसा त्यांच्या खांद्यावर उभा असलेला खेळही खाली आला. म्हणजे ज्या देशात ही मालिका झाली, तिथेही तिने खेळाची तब्येत कायमची सुधारली असं नाही. तिने एका पिढीला दारापर्यंत आणलं. दारामागे जे घर होतं त्याचे वासे दुसऱ्याच कारणांनी पोखरत होते, आणि चित्रकथेने वासे बदलता येत नाहीत.

यंत्राचा मुद्दा इथे लोक हमखास काढतात, तो पटकन संपवतो. मार्च २०१६ मध्ये सोलला अल्फागो या संगणकाच्या प्रोग्रामने ली सेडोल या कोरियाच्या नामांकित खेळाडूला ४-१ हरवलं. त्याच वर्षाच्या शेवटी इंटरनेटवर ‘मास्टर’ नावाचा एक अनोळखी खेळाडू उगवला आणि जगातल्या नामांकितांना त्याने ओळीने ६० डावांत धूळ चारली. तेही अल्फागोच निघालं. मालिका बघितलेल्यांच्या अंगावर काटा आला असणार, कारण साई नेमका असाच इंटरनेटवर खेळतो: नाव नाही, गाव नाही, कोणालाच आवरत नाही. २०१९ साली लीने निवृत्ती घेतली, त्यात यंत्राला हरवता येत नाही ही खंतही होती. शिखरावरच्या माणसाचं ते दुःख खरं आहे. पण त्सुत्सुईच्या शाळेतल्या मंडळाला यंत्राने काय फरक पडला? त्यांना तेव्हाही तिसरा खेळाडू मिळत नव्हता.

आता घरचं सांगतो. माझा भाचा पुण्यात असतो, सातवीत. त्याने ही मालिका मोबाइलवर दोन आठवड्यांत संपवली आणि सुट्टीत आमच्याकडे आला तो गो शिकूनच. कार्डशीटवर पट्टीने ९ बाय ९च्या रेघा मारल्या. लहान पटावर शिकतात, हे त्याला ठाऊक होतं. काळ्या खड्यांना चिंचोके आणि पांढऱ्यांना पावटे. माझी आई म्हणाली, चिंचोके अर्धे फोडून दे, एक बाजू पांढरी एक काळी, आम्ही पटाला तसेच टाकायचो. तिला फाशांसारखे टाकायचे चिंचोके आठवत होते. नातवाने तिला सांगितलं, ‘आजी, यात नशीब नाहीये.’ त्यावर आई जे म्हणाली ते इथे छापण्यासारखं नाही.

चार दिवस तो आणि मी खेळलो. मी चारही दिवस हरलो. पाचव्या दिवशी तो म्हणाला, ‘मामा, आता कोणाशी खेळू?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने मोबाइलवर खेळून बघितलं. त्यात वाईट काही नाही. टाळेबंदीच्या वर्षात आपल्याकडे बुद्धिबळाचं वेड पसरलं ते मोबाइलवरूनच, आणि कोणीही घरबसल्या तोडीचा भिडू गाठू शकतो ही चैन आमच्या पिढीला नव्हती. पण मोबाइल तुमच्या तोडीचाच माणूस देतो. सत्तरीचा चिक्कू म्हातारा, जो तुम्हाला वीस वेळा हरवेल आणि एकविसाव्या वेळी बोट दाखवून ‘इथे चुकतोस’ म्हणेल, तो देत नाही. आणि हरलात की पडदा बंद. डाव पुन्हा मांडायला समोरचा थांबत नाही. महिन्याभरात भाच्याने गो सोडला. आता तो बुद्धिबळाच्या क्लासला जातो, कारण क्लास तेवढा उपलब्ध आहे.

त्या क्लासमध्ये एकदा मी त्याला आणायला गेलो होतो. भिंतीवर एकाग्रता, स्मरणशक्ती, निर्णयक्षमता असे मोठ्या अक्षरांतले शब्द. पायरीपायरीचे अभ्यासक्रम, प्रत्येक पायरीची फी, प्रत्येक पायरीचं प्रमाणपत्र. बाहेर थांबलेल्या दोन आया दहावीच्या क्रीडागुणांबद्दल बोलत होत्या, कुठल्या पातळीपर्यंत पोरगं खेळलं की किती गुण वाढतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनी ती व्यवस्था केलेली नाही. शिकवणारे सरही कष्टाळू होते. पण तासभरात मुलांनी एकमेकांशी पुरा डाव खेळलाच नाही. कोडी सोडवली, तक्ते भरले आणि पुढच्या बॅचची वेळ झाली म्हणून निघाले. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या क्लासच्या ग्रुपवर अभिनंदनाच्या खालीच नव्या बॅचची जाहिरात आली होती.

खेळ जपायच्या आपल्याकडे म्हणजे दोनच तऱ्हा उरल्यात. एक, टॉनिक म्हणून विकायचा. दुसरी, वारसा म्हणून काचेत ठेवायचा. दुसरीचं उदाहरण सावंतवाडीची गंजिफा. राजघराण्याने पुढाकार घेतला, चितारी कारागिरांची कला तगली, हे मोठंच काम झालं, आणि त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. दशावतारी गंजिफेची १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, बघत राहावं. पण माझ्या ओळखीच्या दोन घरांत ती पानं चौकटीत मढवून भिंतीवर आहेत आणि दोन्ही घरांत खेळायचं कसं हे कोणालाच येत नाही. दिवसा रामाची उतारी, रात्री कृष्णाची, हा त्यातला इतका देखणा नियम. उतारी करायला बसलेली माणसंच नाहीत, तर रामाचं पान आणि कृष्णाचं पान यांत फरक एवढाच, की कोणतं दिवाणखान्याच्या रंगाला शोभतं.

याउलट आपल्याच किल्ल्यांच्या पायऱ्यांवर, लेण्यांच्या ओट्यांवर दगडात कोरलेले पट बघा. नवकंकरीचे चौकोन, मंकळ्याचे खळगे, वाघबकरीच्या रेघा. ते कोणा राजाच्या हुकमाने कोरले नसावेत. पहाऱ्यावरच्या, वाट बघणाऱ्या, वेळ जात नसलेल्या माणसांनी जिथे बसायची जागा होती तिथे कोरले. पट जागेचाच भाग होता. येणाऱ्याने चार खडे उचलायचे आणि बसायचं. माझ्या लहानपणी देवळाच्या पारावर देशी बुद्धिबळ चालायचं ते असंच. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, राजाला एकदा घोड्याची उडी मिळायची, आणि बघ्यांना बोलायची पूर्ण मुभा.

बघ्यांवरून आठवलं. जपानी पटाच्या पायांचा आकार कुचिनाशी नावाच्या झाडाच्या फळासारखा घडवतात. कुचिनाशी म्हणजे आपला अनंत, अंगणातला, पांढऱ्या, सुवासिक फुलांचा. त्या शब्दाचा दुसरा अर्थ होतो ‘तोंड नाही’. बघणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, असा तो लाकडातला इशारा, असं सांगतात. इतका इशारा द्यावा लागतो, त्या अर्थी बघे तिथेही आपल्यासारखेच असणार.

तर मालिका काढायची असेल तर खुशाल काढा. मीही बघेन. (एक विनंती: जपानी मालिकेचं सगळंच उचलू नका. तिथे मुली नावापुरत्या आहेत. नासे ही प्रशिक्षणार्थी मुलगी चांगली खेळते, पण तिच्या डावासमोर कॅमेरा कधी मन लावून बसत नाही. आणि मुलांना खेळ शिकवायला मात्र दर भागाच्या शेवटी एक बाईच लागते.) पण सार्वजनिक पैसा कशावर खर्चावा असा प्रश्न असेल, तर माझं मत जागेला आहे. महोत्सव, एक दिवसाची स्पर्धा, माहितीपट या सगळ्यांच्या आधी आठवड्यातून तीन संध्याकाळी उघडी राहणारी एक खोली, चार पट, आणि फुकट प्रवेश. वर्ग वेगळे नकोत. दहा वर्षांचं पोर आणि निवृत्त पोस्टमन एकाच बाकावर बसले पाहिजेत, कारण पोस्टमनला दुसरीकडे जायला जागा नाही आणि पोराला हरवणारं कोणी नाही.

ही खोली बांधावीही लागणार नाही. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात दहा हजारांहून अधिक ग्रंथालयं अनुदान घेतात. त्यातल्या बऱ्याच गावच्या वाचनालयांत संध्याकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलावर पंखा फिरत असतो आणि दोन माणसं असतात. जपानमध्ये वर्तमानपत्रांनी एक खेळ पोसला. आपल्याकडे वर्तमानपत्रांचं टेबल तेवढं वापरू द्या. बुद्धिबळाचा साधा संच दोन-तीनशे रुपयांत येतो. नवकंकरीला खडू आणि खडे लागतात. एखाद्या पोराला गो खेळायचा असेल तर कार्डशीट, चिंचोके आणि पावटे. कोणीतरी म्हणेल, वाचनालयात आवाज होईल. होईल. आत्ता जी शांतता आहे ती वाचणाऱ्यांमुळे आहे, असा कोणाचा समज असेल तर त्यांनी एकदा जाऊन बघावं.

मी आमच्या भागातल्या एका वाचनालयाकडे हे लेखी मांडलं. समितीने आस्थेने ऐकून घेतलं, चहा दिला. एक सदस्य म्हणाले, कल्पना उत्तम आहे, आपण गुढीपाडव्याला एक दिवसाची स्पर्धा ठेवू, उद्घाटनाला आमदारसाहेबांना बोलावू, सहभागी सगळ्यांना प्रमाणपत्रं देऊ. दुसऱ्यांनी विचारलं, पुढाकार घेणाऱ्यांचे फोटो टाकायचे का. मी म्हटलं, मला स्पर्धा नको, टेबल हवंय. ते विषयपत्रिकेत बसेना.

सध्या वाचनालयाच्या बाहेर जिन्याखाली एक बाक आहे, तिथे रविवारी साडेपाचला मी संच घेऊन बसतो. पहिले दोन रविवार कोणी आलं नाही. आता चार-पाच जण येतात. त्यात एक बँकेतून निवृत्त झालेले काका आणि शेजारच्या चाळीतली सहावीतली एक मुलगी. काकांनी तिला सहा वेळा हरवलंय आणि दर वेळी डाव पुन्हा मांडून दाखवलाय, कोणी सांगितलं नसताना. मागच्या रविवारी तिने त्यांचा वजीर कोंडला. मागे उभे असलेले तिघं एकदम बोलायला लागले, म्हणून मी त्यांना अनंताच्या फळाची गोष्ट सांगितली आणि गप्प केलं. मग तिने घोड्याला हात लावला आणि मला राहवलं नाही. ‘अगं, हत्ती! हत्ती बघ ना!’